उजव्या हाताची नखं

ठाण्याला गिटार ऐकायला गेले होते असं सांगितलं, की कऱ्हाडातले लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग विचारतात, "कुणाची? नातवाची?" मला नातू नाही. वाचनालयात नोकरी केली, निवृत्त झाले, आता एकटी राहते. गिटारशी माझा संबंध आला तो धाकट्या भावामुळे. सुहास डोंबिवलीला नोकरीला होता आणि तीस वर्षं फिंगरस्टाइल वाजवत होता.

फिंगरस्टाइल म्हणजे काय, हे या प्रवासाआधी मलाही धड माहीत नव्हतं. गिटार छेडायला हातात काही धरायचं नाही, नुसती बोटं. अंगठा खर्जाचे सूर सांभाळतो आणि त्याच वेळी बाकीची बोटं वरची चाल वाजवतात. गाणारा कुणी नसतो, साथीला कुणी नसतं. एकच माणूस बसलेला असतो आणि डोळे मिटले तर तिघं बसलेत असं वाटतं. तारेतून स्वच्छ, टणक आवाज निघावा म्हणून ही मंडळी उजव्या हाताची नखं वाढवतात आणि फार जपतात.

गेल्या वर्षी सुहास आजारी पडला आणि शेवटचे चार महिने माझ्याकडे होता. येताना गिटार घेऊन आला. रोज दुपारी आतल्या खोलीत दार लावून वाजवायचा. एक दिवस तो गाढ झोपलेला असताना मी त्याची नखं कापली. वाढलेली होती, कडेला औषध सुकून बसलेलं होतं, डॉक्टरांनी स्वच्छतेचं बजावून सांगितलेलं होतं. शिवाय आई गेल्यापासून भावंडांची नखं मीच कापत आले होते, त्यामुळे हातानं विचार न करताच केलं. मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, कापली, पुडी करून टाकून दिली. जाग आल्यावर सुहासनं उजवा हात तोंडासमोर धरला आणि बराच वेळ पाहत राहिला. मला काही बोलला नाही. त्या दिवसापासून त्यानं गिटारला हात लावला नाही, आणि तीन आठवड्यांनी तो गेला.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. लोक भेटायला येऊन गेले, सगळ्यांनी "किती केलंत त्याचं" म्हटलं, मी ऐकून घेतलं. जानेवारीत त्याचा मित्र मिलिंद याचा फोन आला. गिटारवाल्यांचे दोन कार्यक्रम आहेत, शनिवारी ठाण्याला, रविवारी डोंबिवलीत. सुहास दर वर्षी यायचा, यंदा ताई, तुम्ही या. मी लगेच हो म्हटलं. संगीत ऐकायचं म्हणून नव्हे. ज्याला यातलं खरंच कळतं अशा एखाद्या माणसाला मला विचारायचं होतं, की त्याचं वाजवणं मी थांबवलं का.

शुक्रवार, कल्याण

मिलिंदनं बजावलं होतं, "कल्याणला पश्चिमेला बाहेर पडा." आमच्या स्टेशनाला एकच तोंड आहे, गाडीतून उतरायचं आणि बाहेर यायचं. इथं पुलावर माणसांचा जो लोंढा चालला होता त्याच्या मागून गेले आणि एका बाजूला बाहेर आले. मिलिंद दिसेना. फोन केला.

"ताई, समोर काय दिसतंय?"

"रिक्षा."

"रिक्षा दोन्हीकडे आहेत हो ताई. एखादी पाटी वाचा."

"'येथे चपला शिवून मिळतील.'"

शेजारी एक बाई मेथीच्या जुड्यांचं गाठोडं सोडत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "ईस्टला आलात मावशी. जा परत वरती." म्हणजे आख्खं स्टेशन पुन्हा ओलांडायचं. पलीकडे मिलिंद हसत उभा होता. म्हणाला, "इथली लग्नंसुद्धा यावरून मोडतात. मुलगी ईस्टची, मुलगा वेस्टचा; रोज कोण पूल चढणार?"

पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ विमा कंपनीत नोकरी करतो. त्याच्या गाडीतून डोंबिवलीत घरी निघालो. वाटेत तो एका दुकानापुढे थांबला आणि दहा पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून घेतली. दुकानात पोळ्यांच्या चवडी रचलेल्या, कामावरून परतणाऱ्या बायकांची रांग. आमच्याकडे पोळ्या विकत आणल्या तर शेजारीण विचारायला येते, घरात कुणी आजारी आहे का. मी हे मिलिंदच्या बायकोला, स्मिताला सांगितलं, तर ती म्हणाली, "इथं उलटं आहे ताई. मी पोळ्या लाटायला घेतल्या की शेजारी विचारतात, आज सुट्टी का?" पोळ्या मऊ होत्या. माझ्यापेक्षा चांगल्या, हे कबूल करायला हरकत नाही.

जेवणानंतर मिलिंदनं बोलता बोलता पाकिटातून करड्या पॉलिशपेपरचा एक तुकडा काढला आणि उजव्या हाताची नखं घासायला लागला. त्याचं त्यालाही कळलं नसावं. सुहासही असाच घासायचा. चहा घेताना, बातम्या बघताना, एकदा आमच्या मामांच्या तेराव्याला पंगतीत बसून. मी त्याला रागावले होते. तो खर्र खर्र आवाज ऐकताना वाटलं की आता विचारावं. पण मिलिंद सुहासचा मित्र. तो माझी समजूत घालणार, मला बरं वाटेल असं काहीतरी बोलणार. तसलं मला नको होतं.

शनिवार, ठाणे

दुपारी ठाण्याला पोचलो. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून तलावपाळीला गेलो. आमच्याकडे कृष्णाकाठी लोक घाटावर बसतात, पाण्याकडे तोंड करून, तासन् तास. इथं लोक पाण्याभोवती फिरत होते, घड्याळाकडे बघत. बसलेल्यांचीही पाठ पाण्याकडे आणि तोंड रस्त्याकडे. एका गाडीवर उकडलेले शेंगदाणे घेतले, कांदा-लिंबू घातलेले. कागदाच्या पुडीच्या तळाशी पाणी साचून ती फाटली आणि अर्धे माझ्या साडीवर आले. मिलिंदनं रुमाल दिला. म्हणाला, "सुहासनं इथंच माझ्या गिटारच्या बॅगेत सांडले होते. अजून मधेच एखादा सापडतो."

सभागृह लहान होतं, एका शाळेच्या वरच्या मजल्यावर. दार उघडताच सगळ्यांनी डावीकडच्या खुर्च्यांकडे धाव घेतली. गाण्याच्या मैफलीला लोक मध्यभाग धरतात, तेव्हा मला नवल वाटलं. मिलिंदनं सांगितलं, तिथून वादकाचा उजवा हात बरोबर समोर येतो. ही माणसं ऐकायला येतात तितकीच बघायलाही येतात. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण कार्यक्रमभर स्वतःच्या मांडीवर बोटं चालवत होता.

पहिल्यांदा मडगावचे एक वयस्क वादक बसले. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत होते. पाठीला बाक, आवाज बारीक. प्रत्येक रचनेआधी ते दोन-तीन तारा उतरवून नव्या सुरात लावायचे आणि लावताना श्रोत्यांशी हिंदीत गप्पा मारायचे. "यह गिटार मेरी बीवी जैसा है, हर दस मिनट में मनाना पड़ता है." बायको पहिल्याच रांगेत बसली होती. तिनं पर्स उगारून दाखवली. मग ते वाजवू लागले आणि सभागृहात कुणी हललं नाही. अंगठा एकसारखा चालत होता, दुपारच्या झोपाळ्यासारखा, आणि त्याच्यावर एक साधी चाल, घाई नसलेली. कुठंही कसरत नव्हती. सत्तरीच्या माणसाला आता कुणाला काही दाखवायचं उरलेलं नाही, हे ऐकू येत होतं.

त्यांच्यानंतर बेंगळुरूची एक तरुण मुलगी आली. ती तारांइतकीच लाकडावरही वाजवायची. तळहातानं ठेका, बोटांनी चाल, मधेच कोपरानं एक ठोका. मला तिचं तितकंसं कळलं नाही, पण ती स्वतः इतकी आनंदात होती की मीही हसत होते.

मध्यंतरात वडे आणि चहा होता. वडा खाऊन झाल्यावर लोकांनी हात धुतले आणि खिशातून कानस, पॉलिशपेपर बाहेर काढले. दोघं-तिघं कोंडाळं करून एकमेकांची नखं बघत होते. "अंगठ्याचं फार टोकदार ठेवलंयस रे." "अरे, भांडी घासायला लावते बायको, राहतायत कुठे!" आमच्याकडे लग्नघरात पुरुष अडकित्ता फिरवत बसतात, तसंच सगळं. मी कोपऱ्यात चहाचा कप धरून उभी होते. मी कापलं ते काय होतं, हे त्या वेळी नीट समजलं.

उत्तरार्धात जनार्दन पाटील बसले. ठाकुर्लीचे, आगरी. उंच, रुंद, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी. मिलिंदनं कानात सांगितलं, यांचे आजोबा खाडीवर मिठागरात कामाला होते. घरची शेतीही होती, तिच्यावर आता इमारती उभ्या आहेत. जनूदादा सकाळी भाडेकरूंच्या तक्रारी ऐकतात आणि दुपारी चार तास रियाज करतात. सुहास नोकरीच्या सुरुवातीला मोहन्याला, जुन्या रेयॉन कारखान्याच्या बाजूला खोली घेऊन राहायचा. जनूदादांचं कुटुंबही तेव्हा तिथंच होतं. दोघं एकाच गिटारवर शिकले. मी मनाशी ठरवलं, विचारायचं ते यांना.

त्यांच्या तिसऱ्या रचनेत मध्येच टक् असा बारीक आवाज आला. ते थांबले. हात दिव्याखाली धरून पाहिला.

"गेला!" ते म्हणाले.

सभागृहभर "अरेरे" झालं. कुणाच्या घरी मांजर मेल्यासारखं.

"कुठलं दादा? अंगठा?"

"नाय रं, बाजूचा. पार बुडापासून गेला."

एक जण खुर्चीवरून उठून झटपट चिकटवायच्या गोंदाची नळी उंच धरू लागला. दुसऱ्यानं खिशातून टेबल टेनिसच्या चेंडूचा कापलेला तुकडा काढला. नखाच्या जागी चिकटवायला हे लोक असली सामग्री बरोबर घेऊन फिरतात. जनूदादांनी हात हलवला. "र्‍हाऊ द्या. आज मांसानंच वाजवतो. कान जरा पुढं करा."

त्यांनी मनगट वेगळ्या कोनात वळवलं, नखं आत घेतली आणि बोटांच्या नुसत्या गादीनं वाजवायला सुरुवात केली. आवाज एकदम लहान झाला. त्याची चकाकी गेली, कडा गेल्या. शेजारच्या खोलीत कुणी हळू बोलत असावं तसं ऐकू येऊ लागलं. सगळे पुढे झुकले. माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं ते सर्वांत मऊ वाजवणं होतं.

आणि मला ते सहन होईना. तोवर माझी समजूत होती की नखांशिवाय वाजवताच येत नाही. मी कापली, वाजवणं थांबलं, इतकं ते सरळ होतं. आता समोर दिसत होतं की वाजवता येतं. सुहासला ते माहीत असणारच. मग तीन आठवडे गिटार भिंतीला टेकून होती, तिला त्यानं हात का लावला नाही? एकच उत्तर सुचत होतं. तो दुखावला होता, आणि माझ्या घरात, माझ्यावर अवलंबून असल्यामुळे बोलू शकला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मिलिंदनं ओळख करून दिली. जनूदादांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "सुहासची ताई? मंग उद्या घरीच जेवाला ये. सकाळीच ये. मना नख बसवून घ्यायचं हाय भारतीकरं, तिकरंच बसू."

पहिल्या भेटीत 'तू' म्हणणारं माणूस आमच्याकडे उद्धट ठरतं. मला त्या 'तू'नं बरं वाटलं. सुहास गेल्यापासून मला कुणी 'तू' म्हणालं नव्हतं.

रविवार, ठाकुर्ली

भारती म्हणजे जनूदादांची बायको, आणि तिचं त्याच इमारतीत तळमजल्यावर ब्यूटी पार्लर आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातला हा नावाजलेला वादक नखं तुटली की बायकांच्या पार्लरमध्ये येऊन बसतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. सकाळी गेलो तेव्हा ते उंच स्टुलावर अंग चोरून बसले होते, उजवा हात टॉवेलावर पसरलेला. भारती एका वाटीत झोंबऱ्या वासाच्या औषधात ब्रश बुडवत होती, पांढऱ्या पावडरीला लावत होती आणि त्याचा थेंब तुटक्या नखावर ठेवून त्याला आकार देत होती. समोरच्या खुर्चीत एक बाई केसांना मेंदी थापून बसली होती.

"भारतीताई, दादांना लाल पॉलिश लावा ना. स्टेजवर उठून दिसेल."

"लाव गो," जनूदादा म्हणाले. "पन पुढच्या येलेला तुझ्या नवऱ्याला पन आन. एकटाच मी किती दिवस लाजू?"

"हात हलवू नको!" भारती ओरडली. "घरात चमचा उचलत नाय, सांगतो नख मोडंल. आनि माज्यासमोर हात नाचवतंय."

मला तिनं आधी खायला बसवलं. आतल्या खोलीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं, आणि शेजारच्या टोपात सुकट, म्हणजे वाळवलेली मासळी. "तू नाय खात, मना माहीत हाय. सुहास खायाचा."

"सुहास सुकट खायचा?"

"खायाचा? मोहन्याला माज्या सासूच्या टोपातली खरवरून खायाचा. मंग बडीशेप खाऊन घरी फोन लावायचा, ताईला वास येल म्हनून."

"फोनवरून?" मी म्हटलं.

"आमी पन तेच बोलायचो!"

मी हसले, आणि हसताना लक्षात आलं की तो गेल्यानंतर त्याची एखादी नवी गोष्ट मला पहिल्यांदाच कळत होती. भाकरी पातळ, पांढरी, पापुद्रा सुटलेली. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ती मला आधी लेचीपेची वाटली. दोन खाल्ल्या.

बाहेर आले तेव्हा मेंदीवाली बाई केस धुवायला आत गेली होती. मिलिंद बाकावर पेपर चाळत होता. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी जनूदादांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. तो झोपलेला असताना कापली. उठून हाताकडे बघत राहिला. परत गिटार घेतली नाही. "काल तुम्ही नखांशिवाय वाजवलंत. मग त्यानं का वाजवलं नाही? तो माझ्यावर रागावला होता का? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

मिलिंदनं पेपर खाली ठेवला. बोलली ती भारती, हातातलं काम न थांबवता. रोज नखांशीच तिचा संबंध. तिनं नखांचंच विचारलं.

"दोनी हातांची कापलीस?"

"हो. दहाही."

"डाव्याची केवरी होती?"

"उजव्याइतकी नाही. पण बोटांच्या पुढे आलेली होती. डाव्या हाताचीच मी आधी कापली."

तिचा ब्रश थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. जनूदादांनी त्यांचा डावा हात माझ्यासमोर टेबलावर उलटा ठेवला. त्या हाताची नखं मांसापर्यंत कापलेली होती, लहान मुलाची असतात तशी.

"या हातानं तार दाबायची," ते सावकाश म्हणाले. "नख जरा जरी पुढं आलं तरी तार दबत नाय. मना दर तीन दिसांनी कापायला लागतात."

"लादीवर टाकतो मेला," भारती हळूच म्हणाली.

"त्याच्या डाव्या बोटांची टोकं कशी होती ताई? कडक?"

मला आठवलं. कापताना प्रत्येक बोट मी चिमटीत धरलं होतं. "साल निघत होती. मला वाटलं औषधानं."

"औषधानं नाय. वाजवनं थांबलं की घट्टे सुटतात. साल निघते, खाली मऊ कातरी येते."

"तेवढी नखं वाढायला किती दिवस लागतात?" मी भारतीला विचारलं.

"महिना," ती म्हणाली. या बाबतीत तिच्याइतकं खात्रीनं कोण सांगणार. "आजारी मानसाला जास्तच. म्हंजे तू कापायच्या आधी महिनाभर त्यानं वाजवलंच नाय. तुजा काय दोष नाय गो ताई."

"तू गप जरा," जनूदादा म्हणाले.

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यावरून वाद घालत होता. मग मिलिंद म्हणाला, "पण मला तो फोनवर सांगायचा. रोज तासभर बसतोय, नवीन काहीतरी बांधतोय. अगदी शेवटपर्यंत."

"मना पन तेच सांगायचा," जनूदादा म्हणाले.

मिलिंदनं जनूदादांकडे पाहिलं. सुहास दोघांनाही खोटंच सांगत होता, हे त्यांना त्या क्षणीच कळत होतं.

मी सांगितलं ते असं. तो रोज चार वाजता गिटार घेऊन आतल्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. पाच वाजता दार उघडायचं, आणि तो म्हणायचा, "ताई, चहा." नखं कापली त्या दिवसापासून दार लावणं बंद झालं. तोवर एकही दिवस चुकला नव्हता.

"मंग आत काय करायचा?" भारतीनं विचारलं.

मी बाहेरच्या खोलीत वाचत बसायचे. त्याचं दुखणं, औषधांच्या वेळा, पथ्य, सगळ्यातून तो एक तास माझा असायचा. तो हळू वाजवत असेल असं धरून चालले होते. वाजवणं कधी हळू झालं आणि कधी थांबलं, ते मी ऐकलं नाही. वाचलेल्या पुस्तकांची नोंद मी वर्षानुवर्षं ठेवते; त्या महिन्यात मी अकरा पुस्तकं वाचली.

जनूदादांचं नख सुकलं होतं. त्यांनी ते टेबलावर दोनदा वाजवून पाहिलं. "उजव्या हाताची आपल्या हातानं कापवत नाय ताई," ते म्हणाले. "मना तर नाय कापवनार. वाजवायचं सोरलं तरी नाय." एवढंच बोलून ते उठले, संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी होती.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मी स्वतःच्या सोयीनं लावणार नाही. सुहास त्या दिवशी हाताकडे बघत असताना त्याच्या मनात काय होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. पण दार लावून बसण्याचं नाटक त्याला त्यानंतर करावं लागलं नाही, इतकं मला दिसतं.

डोंबिवलीतला कार्यक्रम पाच वाजता होता. आम्हाला जायला उशीर झाला आणि डावीकडच्या खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून उजव्या टोकाला बसलो. तिथून जनूदादांचा डावा हात दिसत होता, आखूड नखांची बोटं तारांवर चढत-उतरत होती. कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. नव्या नखानं आवाज परत टणक, स्वच्छ झाला होता. मी बघितलं कमी आणि ऐकलं जास्त. एका संथ रचनेत ते मधेच थांबायचे, तारेचा सूर विरू द्यायचे आणि मगच पुढचा उचलायचे. ते थांबणं मला प्रत्येक वेळी ऐकू आलं.

निघताना भारतीनं डब्यात भाकऱ्या दिल्या आणि वर एक लहान पुडी. "सुकट नाय, भिऊ नको. बडीशेप हाय."

मंगळवार, कऱ्हाड

सोमवारी संध्याकाळी घरी पोचले. मंगळवारी चार वाजता आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. गिटार तिथं नाही, ती त्याच्या मित्रांनी गेल्या उन्हाळ्यातच नेली. पलंगाच्या कडेवर बसले, तो बसायचा तिथं. पुस्तक घेतलं नव्हतं.

पहिली काही मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मग शेजारचा मिक्सर, गल्लीतली सायकल, कुणाची तरी शिट्टी. मग बाहेरच्या खोलीत खिडकीतून वारा आला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान हललं. बंद दारातून ते इतकं स्पष्ट आलं, की मी दचकून उठणार होते.

म्हणजे माझ्या पुस्तकाची पानं उलटलेली त्याला आत ऐकू येत होती. महिनाभर, रोज एक तास, तो ती ऐकत बसला असणार.

पाच वाजेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.